भारतातलं मूल दत्तक घेऊन अमेरिकेत आणणं : अनुभव आणि माहिती हवी आहे

केळफूल
नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. आम्ही डॅलसजवळ राहतो, मी ३८, नवरा ४१, लग्नाला बारा वर्षं झाली. मधली चार वर्षं उपचारांत गेली, ते सगळं इथे लिहीत नाही, आता ते आम्ही दोघांनी मिळून थांबवलंय आणि मूल दत्तक घ्यायचं पक्कं केलंय. भारतातूनच घ्यायचं असं मनात आहे. काराच्या (भारतातल्या दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवर जाऊन नियम वाचले तर डोकं जास्तच गरगरायला लागलं, इथल्या सरकारचे फॉर्म वेगळे, तिथले वेगळे, आधी काय नंतर काय काही कळेना. घरी सांगितलं तर माझे आईबाबा खूश झाले पण सासूबाईंचं म्हणणं की बाहेरचं कशाला, दिरांचा धाकटा घ्या ना, घरातलाच मुलगा आहे. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नाहीये हे मला माहीत आहे, तरी दोन रात्री झोप नाही लागली. कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. किती वेळ लागतो, खर्च किती, आणि मुख्य म्हणजे मूल घरी आल्यावर पहिले काही महिने खरंच कसे असतात, हे कुठेच धड वाचायला मिळत नाही.

नदीकाठ
केळफूल, अभिनंदन आणि शुभेच्छा. सगळ्यात आधी एकच सांगा, तुमचे दोघांचे पासपोर्ट कुठले? बाकी सगळं त्यावर ठरतं.

केळफूल
दोघांचेही भारतीय. ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली.

नदीकाठ
मग थोडं निराश करणारं लिहावं लागतंय, पण आत्ताच कळलेलं बरं. मी न्यू जर्सीत इमिग्रेशनच्या ऑफिसात बरीच वर्षं काम करते (वकील नाही, कागदपत्रं तयार करते) आणि याच एका मुद्द्यावर आपली किती तरी माणसं अडकलेली बघितली आहेत.

भारत आणि अमेरिका दोघेही १९९३ च्या हेग करारात आहेत, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याबद्दलचा करार. भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. म्हणजे मूल नेणारा देश आणि देणारा देश, दोघांनीही आधी हो म्हणायला पाहिजे, एकाने हो म्हणून भागत नाही. काराच्या हिशोबात तुम्ही भारतीय पासपोर्टवाले म्हणजे एनआरआय, तिथे तुम्हाला भारतात राहणाऱ्या पालकांसारखंच धरतात, त्यामुळे लोकांना वाटतं आपलं काम सोपं. पण अमेरिकेच्या बाजूने जो अर्ज करायचा, आय-८००ए, तो फक्त अमेरिकन नागरिक करू शकतो. जोडपं असेल तर निदान एकजण नागरिक हवा. ग्रीन कार्डवर तो अर्ज होतच नाही, एच-वन वर तर नाहीच नाही. आणि भारतात जाऊन दत्तक घेतलं आणि मग मुलाला आणू म्हटलं तर साध्या अर्जाला दोन वर्षं मुलाबरोबर राहिल्याचा आणि ताबा असल्याचा पुरावा लागतो, शिवाय हेग देशातलं मूल म्हणून त्यात वेगळे प्रश्न येतात. एका जोडप्याचं असं झालेलं मी जवळून बघितलंय, आई दोन वर्षं बाळाला घेऊन सोलापुरात आणि बाप इथे. त्यामुळे कृपा करून नागरिकत्व आधी, मूल नंतर. ग्रीन कार्डला पाच वर्षं होण्याच्या नव्वद दिवस आधी अर्ज टाकता येतो.

आता क्रम लिहिते म्हणजे गोंधळ कमी होईल. आधी होम स्टडी, म्हणजे इथली सोशल वर्कर तुमच्या घरी येऊन सगळं बघते, उत्पन्न, तब्येत, पोलीस रेकॉर्ड, तुमचं लहानपण कसं गेलं इथपर्यंत विचारते. मग आय-८००ए. तो मंजूर झाला की काराने मान्यता दिलेल्या इथल्या एजन्सीमार्फत तुमची फाइल कारिंग्ज म्हणजे काराच्या ऑनलाइन पोर्टलवर जाते, आपण परस्पर नाही टाकू शकत. मग वाट बघायची. रेफरल, म्हणजे तुमच्यासाठी सुचवलेल्या मुलाची माहिती, आलं की त्यात मुलाचा अभ्यास अहवाल, मेडिकल रिपोर्ट आणि फोटो असतो, ९६ तासांत ते मूल तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगावं लागतं, मग सगळं नीट वाचून, डॉक्टरांना दाखवून होकार कळवायचा. त्यानंतर आय-८००, म्हणजे त्या ठरलेल्या मुलासाठीचा अर्ज, मग दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीचं पत्र, मग काराचं ना हरकत, मग दत्तकाची ऑर्डर. ही ऑर्डर पूर्वी कोर्टातून व्हायची, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. मग जन्मदाखला, पासपोर्ट, हेगचं प्रमाणपत्र आणि शेवटी दिल्लीत मेडिकल आणि व्हिसा. आयएच-३ व्हिसावर मूल इथे उतरलं की त्याच क्षणी ते अमेरिकन नागरिक, वेगळा अर्ज नाही लागत, सर्टिफिकेट पोस्टाने घरी येतं. ते आलं नाही तर गप्प बसू नका, मागे लागून मिळवा. हा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून आहे आणि त्या दिवशी ज्यांची अठरा पूर्ण झाली होती ते बिचारे त्यात बसले नाहीत. आईबापांनी कागद केले नाहीत म्हणून, लहानपणी भारतातून आलेली आणि इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारी एक बाई २००८ मध्ये परत मुंबईला पाठवली गेली, तिची मुलं इथेच राहिली. त्यामुळे कागद या विषयावर मी जरा जास्तच बोलते, समजून घ्या.

सायसाखर
मी पण हाच प्रश्न विचारणार होते. आम्ही नागरिक आहोत. माझ्या भावाला तीन मुलं आहेत, धाकटी दीड वर्षाची, तो आणि वहिनी आनंदाने द्यायला तयार आहेत. गावाकडे भटजी बोलावून दत्तक विधान करून, रजिस्टर करून घेतलं तर चालेल ना? आमच्या आजोबांचं असंच झालं होतं.

नदीकाठ
सायसाखर, आजोबांच्या काळी चाललं कारण आजोबा त्याच तालुक्यात राहिले. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात दत्तक होम केलाच पाहिजे असंही नाही, दिलं आणि घेतलं हे खरं घडलं की झालं, आणि भारतात ते शंभर टक्के कायदेशीर आहे. पण त्या रजिस्टर केलेल्या कागदावर अमेरिकेचा व्हिसा मिळत नाही. नात्यातलं मूल परदेशी न्यायची सोय भारताच्या बाजूने आहे, बालन्याय कायदा २०१५ मध्ये ते कलम आहे, हिंदू दत्तक कायद्याने घेतलं असेल तरी काराचं ना हरकत लागतं. खरी अडचण इथली आहे. इथला कायदा विचारतो की सख्खे आईवडील दोघेही हयात असतील तर ते मुलाला सांभाळायला असमर्थ आहेत का. तुमच्या भावाचं घरदार, नोकरी व्यवस्थित असेल तर उत्तर नाही येतं आणि अर्ज तिथेच थांबतो. केळफूलच्या सासूबाईंना पण हेच सांगता येईल, म्हणजे दोष कुणाच्या अंगावर न येता विषय मिटेल.

सायसाखर
अरे देवा. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. वहिनी तर बारशाच्या वेळेपासून तिला माझी लेक म्हणते. धन्यवाद ताई, आज भावाशी बोलते.

जुनीपायवाट
सायसाखर, तुमच्या भाचीसाठी पण एक बोलू का, रागावू नका. मी पुण्यात दत्तकाच्या कामात पंचवीसहून जास्त वर्षं होते, आता निवृत्त आहे. नात्यातल्या दत्तकातली मुलं मोठी होऊन आमच्याकडे यायची, त्यांचा प्रश्न एकच असायचा, तीन भावंडांत मलाच का दिलं? ज्या मुलाला आईबाप आहेत, आई अंगावर पाजतेय, त्याला आपल्या प्रेमापोटी हलवायचं का याचा विचार तुम्ही चौघांनी बसून करा. कायद्याने अडवलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

वाटसरू७७
मला मनापासून एक शंका आहे, कुणाला दुखवायचं नाही. मी आणि बायको नाशिकला असतो, आमचं कारामध्ये नाव नोंदवून तीन वर्षं होत आली. दोन वर्षांखालचं बाळ मागितलंय. दर महिन्याला लॉगिन करून नंबर बघायचा आणि बंद करायचं. इथे इतके आईबाप रांगेत असताना आपल्याच देशातली मुलं बाहेर का जातात? आणि अमेरिकेतल्यांना लवकर मिळतात असं ऐकतो ते खरं का?

जुनीपायवाट
वाटसरू, तुमची तगमग समजते, या प्रतीक्षेने माणूस झिजतो. रांग खरी आहे, पण ती कशासाठी आहे बघा, दोन वर्षांखालचं, धडधाकट बाळ. तशी बाळं संस्थांमध्ये फार थोडी येतात आणि मागणारे घरटी एक. सहा वर्षांचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची बहीण एकत्र, किंवा ओठ फाटलेला, हृदयाला भोक, एका कानाने ऐकू न येणारं, अशा मुलांसाठी देशात विचारणा होते का तर जवळजवळ नाही. मी स्वतः एका पायाने अधू असलेल्या मुलीची फाइल किती तरी जोडप्यांपुढे ठेवली आणि सगळ्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली. शेवटी ती परदेशी गेली, आज तिथे शाळेत शिकवते. आधी देशातले पालक आणि तिथे कुणीच नसेल तर बाहेरचे, हे तत्त्व हेग करारात आहेच, पण त्याच्या आधी आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. १९८४ चा लक्ष्मीकांत पांडे खटला, वकिलांनी कोर्टाला पत्र लिहिलं होतं की दत्तकाच्या नावाखाली मुलं बाहेर जातात त्यांचं पुढे काय होतं कुणी बघत नाही, त्या पत्रावरून न्यायमूर्ती भगवतींनी नियम घालून दिले. कारा त्यानंतर, १९९० मध्ये आली. त्याआधीचा काळ मी पाहिलेला नाही, पण त्या काळच्या फाइली पाहिल्यात. काही फाइली म्हणजे एक कागद, बस.

तुम्हाला एकच सुचवते, वय चारपर्यंत वाढवता येतंय का बघा. बळजबरी नाही, दोघांचं मन तयार असेल तरच.

वाटसरू७७
ताई, बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली चार वर्षांचं मूल आपल्याला आई म्हणेल का. मला उत्तर देता आलं नाही.

मोहर
वाटसरू, केळफूल, दोघांसाठी लिहिते. मोठं होईल, पण हे कुणीतरी आम्हाला सांगायला हवं होतं.

आम्ही ओहायोत असतो. आमची लेक ओडिशातून आली, घरी आली तेव्हा साडेचार वर्षांची, आता साडेसहाची आहे. होम स्टडीपासून ती घरी येईपर्यंत आम्हाला दोन वर्षं चार महिने लागले, खर्च सगळा धरून तीस हजार डॉलरच्या वर गेला, त्यातले ५००० डॉलर संस्थेला द्यायचे ठरलेले असतात, बाकी एजन्सी, प्रवास, फॉर्म. टॅक्समध्ये काही परत मिळतं पण परदेशी दत्तक पूर्ण होतं त्या वर्षीच क्लेम करता येतं, हे लक्षात ठेवा.

आम्ही अर्ज करताना राज्य कुठलंही चालेल असं लिहिलं होतं आणि मनात कुठेतरी होतं की भारतातलं मूल म्हणजे आपलंच, वरणभात खाईल, अंगाई ऐकेल, रुळेल. रेफरल ओडिशातून आलं. तिला एक अक्षर मराठी येत नव्हतं, हिंदीही नाही. आम्हाला ओडिया येत नव्हतं. आमच्या डोक्यात हा विचार किती उशिरा आला तर विमानात, भुवनेश्वरला उतरताना.

संस्थेत तिला घ्यायला गेलो तर ती मावशीच्या पदराला धरून होती. मावशी म्हणजे तिला सांभाळणाऱ्या बाई, ओडियातही मावशीच म्हणतात, माउसी. ती रडली नाही. सगळे म्हणाले किती शहाणी मुलगी. दिल्लीत व्हिसासाठी आम्ही दोन आठवडे एका गेस्ट हाऊसमध्ये होतो, तिथे ती रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, घरकु जिबि. घर शब्द आम्हाला कळला ना. घरी जायचं म्हणतेय. आम्ही दोघं इतके आनंदलो, नवऱ्याने तिला उचलून घेऊन फोनवर आमच्या घराचे फोटो दाखवले, हे बघ तुझं घर, ही तुझी खोली. ती फोटो बघायची आणि परत दाराकडे बघून तेच म्हणायची. चौथ्या पाचव्या दिवशी गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरातला मुलगा बालेश्वरचा निघाला, तो तिच्याशी दोन वाक्यं बोलला आणि मान खाली घालून मला म्हणाला, मॅडम, वो अपने मौसी के घर की बात कर रही है. तिच्यासाठी घर ते होतं. चौदा पलंगांची ती खोली. आपण तिला घरी आणतोय असं आपल्याला वाटत असतं आणि ती घरातून निघालेली असते. त्या रात्री मी पहिल्यांदा रडले.

इथे आल्यावर ती खाईना. वरणभात नाही, पोळी नाही, शिरा नाही. दूध प्यायची फक्त. चार दिवसांनी मी संस्थेत व्हिडिओ कॉल लावला, तिथल्या सोशल वर्कर ताईंना थोडं हिंदी येत होतं, त्यांनी मावशींना विचारून सांगितलं की उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कांदा, मिरची आणि मोहरीचं तेल घालायचं, आलू चकटा म्हणतात, आणि भात पाण्यात भिजवून ठेवलेला, पखाळ. पखाळ म्हणजे आपण शिळा भात ताकात कालवतो ना त्याच्या जवळचं. मी इंडियन ग्रोसरीत पळत गेले. मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर इथे लिहिलेलं असतं की फक्त बाहेरून लावण्यासाठी. मी ती बाटली हातात धरून उभी, एवढ्याशा पोरीला हे द्यायचं की नाही. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या इतकी वर्षं तेच खाल्लंय तिने, थोडं द्या. मी बटाटा कुस्करला. तेलाचा वास आला तशी ती खोलीतून उठून स्वयंपाकघरात आली, ओट्याशी उभी राहिली आणि माझ्या हातातूनच खायला लागली. ताटलीत वाढायच्या आधी.

एक चूक माझ्याकडून झाली ती अजून सलते. संस्थेतून ती ज्या फ्रॉकमध्ये आली तो मी पहिल्याच दिवशी धुवून टाकला. प्रवासाचा, मळलेला, म्हणून. ती तो नाकाशी धरून झोपायची हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धुतल्यावर तिने हुंगला आणि टाकून दिला. परत कधी घेतला नाही. त्यामुळे तुम्ही आणाल तेव्हा संस्थेतलं एक तरी कापड न धुता ठेवा.

तिच्यासाठी गुलाबी खोली केली होती, होम स्टडीत मुलाची खोली बघतातच. ती तिथे एक रात्र झोपली नाही. चौदा जणींच्या श्वासात झोपायची सवय, एकटीला कशी झोप येणार. आम्ही तिघांच्या गाद्या हॉलमध्ये जमिनीवर घातल्या आणि आठ महिने तसेच झोपलो.

वाटसरू, तुमच्या बायकोच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या लेकीने मला सात महिन्यांनी आई म्हटलं. त्याआधी ती मला माउसी म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला लागलं होतं, मग कळलं की तिच्याकडे असलेला सगळ्यात मोठा शब्द तिने मला दिलाय.

केळफूल
मोहर... ऑफिसात वाचत होते, उठून पार्किंगमध्ये जाऊन बसले. नंतर लिहिते.

वाटसरू७७
ताई, बायकोने स्वतः वाचलं. काही बोलली नाही. आज कारामध्ये वय बदलता येतं का ते तिनेच शोधून काढलं.

निंबोणी
मी बोस्टनजवळ बालरोगतज्ज्ञ आहे, दत्तक आलेली मुलं माझ्याकडे बरीच येतात म्हणून थोडं लिहिते. रेफरलचा मेडिकल रिपोर्ट एकट्याने वाचू नका, मोठ्या हॉस्पिटलांमध्ये यासाठी खास क्लिनिक असतात, ते फोटो आणि व्हिडिओ पण बघतात. वजन, उंची आणि डोक्याचा घेर एकाच दिवसाचा न मागता मागच्या काही महिन्यांचा मागा, रेघ वर जातेय का ते महत्त्वाचं. घरी आल्यावर टीबी, हिपॅटायटिस, जंत, लेड म्हणजे रक्तातलं शिसं, हिमोग्लोबिन, थायरॉइड हे तपासतोच, लसींचे कागद असले तरी रक्त तपासून खात्री करतो. सापडलेल्या मुलाचं वय अंदाजाने लिहिलेलं असतं, वर्षभर इकडेतिकडे असू शकतं, म्हणून शाळेत घालताना घाई नको. मुलींच्या बाबतीत आणखी एक, आहार एकदम सुधारतो आणि काही मुली लवकर वयात येतात, आठव्या वर्षाआधी काही बदल दिसले तर लगेच दाखवा. मोहर, तुम्ही गाद्या जमिनीवर घातल्यात ते फार चांगलं केलंत.

कालव्याकाठी
मी नेदरलँड्समध्ये राहते, उट्रेख्तला. इथली बाजू कुणी लिहिली नाहीये म्हणून लिहिते. इथे २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारी समितीचा अहवाल आला, परदेशी दत्तकात जुन्या काळी काय काय गैरप्रकार झाले त्याचा, खोटे कागद, आयांना न विचारता नेलेली मुलं, आणि सरकारने त्याच दिवशी परदेशी दत्तक थांबवलं. नंतर थोडं सुरू झालं पण २०२४ मध्ये हळूहळू कायमचंच बंद करायचं ठरलं. चीननेही २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परदेशी जोडप्यांना मुलं देणं थांबवलं. तेव्हा केळफूल, कागद स्वच्छ आहेत ना हे बघणं म्हणजे तुमच्या मुलाने वीस वर्षांनी विचारलं तर उत्तर असणं, फक्त व्हिसापुरतं नाही ते.

माझ्या ओळखीत एक बाई आहे, चाळिशी ओलांडलेली, महाराष्ट्रातून तान्ही असताना इथे आलेली. कुठल्या शहरातून वगैरे लिहीत नाही. दिसायला थेट आपली, बोलायला पूर्ण डच. एक दिवस ती माझ्याकडे प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद घेऊन आली. तिच्या फाइलमध्ये इंग्रजीत टाइप केलेली दोन पानं आणि एका कोपऱ्यात पेनाने लिहिलेल्या दोन ओळी, मराठीत. इतकी वर्षं तिला कुणी वाचून दाखवल्या नव्हत्या, कुणाला ती लिपी येतच नव्हती. त्यात लिहिलं होतं, हिरवं झबलं, हातात मनगट्या.

मी तिला झबलं सांगितलं. मनगट्या काय म्हटल्यावर मी थांबले. मग सांगितलं की आपल्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मनगटात काळे मणी ओवून बांधतात, घरातलं कुणीतरी प्रेमाचं माणूस ते बांधतं. ती म्हणाली, म्हणजे मला टाकून द्यायच्या आधी कुणीतरी माझी काळजी केली होती? मी म्हटलं, टाकून देणारं माणूस मणी ओवत बसत नाही गं. तिने तो कागद माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ त्या दोन ओळींवर बोट फिरवत बसली. वाचता येत नसताना.

इंग्रजी पानांवर यातलं काहीच नव्हतं. तिथे लिहिलंय, मूल, स्त्री, प्रकृती चांगली.

जुनीपायवाट
कालव्याकाठी, तुमचं वाचून हात थरथरले. त्या दोन ओळी लिहिणारी आमच्यासारखीच कुणी ताई असणार, तिला वाटलं असेल लिहून ठेवावं.

अशी मुलं पुण्याला येतात, स्वीडन, हॉलंड, जर्मनीहून, तिशी चाळिशीची. नियम असा आहे की अठरा पूर्ण झाली की दत्तक गेलेली व्यक्ती स्वतः आपल्या मुळांचा शोध मागू शकते, त्रयस्थाला अधिकार नाही. पण जन्मदात्या आईचा खाजगीपणाचा हक्कही तितकाच जपायचा. आईने मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला साठ दिवस असतात, त्यानंतर तिचं नाव आम्ही कुणापुढे उघडत नाही. कित्येक आया तेव्हा अठरा एकोणीसच्या, आता नातवंडं असलेल्या, घरात कुणाला ठाऊक नसलेलं. दोन्ही बाजूंची माणसं माझ्या समोर बसलेली आहेत आणि कुणाला एकाला दुःख दिल्याशिवाय मला पुढे जाता आलेलं नाही. म्हणून पालकांना सांगते, आईचं नाव नाही मिळणार, पण बाकीचं मागा. मूल कुठे मिळालं, कुणी आणलं, अंगावर काय होतं, त्या दिवशी पाऊस होता का, सांभाळणाऱ्या बाईंचा फोटो, झोपायच्या जागेचा फोटो, कुठल्या नावाने हाक मारायचे. संस्थेच्या ताईंना वेळ असेल तर बसून विचारा आणि त्यांच्याच भाषेत लिहून घ्या, इंग्रजीत नको.

मोहर
जुनीपायवाट ताई, हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित करून ठेवलं. आमच्याकडे फोटो आहेत, लिहून घेतलेलं काही नाही. पुढच्या कॉलला मावशींनाच बोलायला सांगते आणि रेकॉर्ड करते.

तिचं ओडिया गेलं हो. आम्ही सत्तरएक शब्द लिहून फ्रिजवर लावले होते, एक ओडिया कुटुंब शोधून दर रविवारी जायचो, तरी दीड वर्षात गेलं. आता मराठी बोलते झकास, माझ्या आईशी भांडते फोनवर. पण मागच्या महिन्यात मावशींचा कॉल होता, त्या बोलत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि ही माझ्याकडे वळून म्हणाली, आई, त्या काय म्हणतायत? मला पण पूर्ण कळलं नव्हतं. दोन वर्षांच्या फॉलोअपचा शेवटचा रिपोर्ट परवा गेला, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी असे सहा असतात. त्यात भाषेचा रकाना होता, सोशल वर्करने लिहिलं, उत्कृष्ट प्रगती.

केळफूल
सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दोन दिवस आम्ही दोघं याच्यावरच बोलतोय. नागरिकत्वाला अजून दोन वर्षं आहेत, तोपर्यंत होम स्टडीवाल्या एजन्सींशी बोलणं, पैसे बाजूला टाकणं आणि वाचन हे करणार. बाळच हवं हा माझा हट्ट होता, तो सुटलाय असं नाही म्हणणार, पण सैल झालाय. काल सासूबाईंना फोनवर नदीकाठ ताईंनी सांगितलेला कायदा समजावला, त्या हं हं म्हणाल्या. मग मी कालव्याकाठी यांची मनगट्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं कट झाला. मग म्हणाल्या, मुलगी येणार असेल तर आधी कळव, मी ओवून ठेवते.

मोहर, एक विचारायचं राहिलं. तो बटाटा करताना मोहरीचं तेल फोडणीसारखं तापवून घालायचं का? आमच्याकडे पण ती बाटली मिळते, करून बघायचंय.

मोहर
नाही गं, तापवायचं नाही, कच्चंच घालायचं. बटाटा गरम असतानाच घाल आणि हाताने कुस्कर, चमच्याने नको. कांदा अगदी बारीक. लेक शेजारी बसून वाचतेय, ती म्हणतेय मिरची कमी घालायला सांग.